सोफ्याच्या कापडाचं जाकीट

३ मार्च
आजपासून राग बंद. कायमचा. एकोणतीसला लेकीचं लग्न आहे आणि हिच्यामार्फत निरोप आला आहे: बाबा हॉलमध्ये तमाशा करणार असतील तर ते घरीच बसलेले बरे. व्याह्यांकडे पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा त्यांचं टीपॉय माझ्या पायाने उलटलं, त्यावरून हे सगळं. टीपॉय मुळात लेचंपेचं होतं. लेक वेगळी राहते. बावीसला येऊन स्वतः बघणार आहे म्हणे, मी कितपत निवळलोय ते.

दुपारी जुना फोटो सापडला. अंगात रुंद कॉलरचं जाकीट, कडेवर लेक, वरचं बटण तिच्या मुठीत. ठरलं. तसंच जाकीट स्वतः शिवायचं. शिवणकाम हे शांत माणसाचं काम.

५ मार्च
जुन्या बाजारातून सोफ्याच्या कापडाच्या नमुन्यांचा गठ्ठा आणला. मखमल, चौकडी, फुलं. एकासारखा दुसरा तुकडा नाही. दुकानदार म्हणाला, एवढ्या जाड कापडाचं जाकीट होत नसतं साहेब. मी शांतपणे काउंटरवर हात ठेवला. जरा जोरात ठेवला गेला. काच आधीच तडकलेली होती, हे मी त्याला हसत समजावलं.

८ मार्च
मशीन सासूबाईंचं. मखमलीत एकामागून एक सुया तुटल्या, तेव्हा मशीनला समज दिली. बुक्की नव्हे, समज. आता चाक फक्त उलटं फिरतं. ही म्हणाली, माझ्या आईची आठवण आहे ती. मी म्हणालो, म्हणूनच हट्टी आहे. विनोद होता. रात्री पानात काही वाढलं गेलं नाही.

११ मार्च
पुढचे दोन भाग कापले. एवढे मोठे तुकडे दोनच होते. कागदाचा पॅटर्न ठेवून एक कापला, मग तस्साच ठेवून दुसरा. अगदी हुबेहूब. ही जाता जाता म्हणाली, हुबेहूब कसे चालतील? दुर्लक्ष केलं. आरशासमोर छातीला लावले तेव्हा कळलं. दोन्ही डावे.

कात्री हातातून सुटली आणि कपाटाच्या दारात रुतली. सुटली म्हणजे सुटलीच. दाराचं लाकूड अगदीच मऊ.

१२ मार्च
तोडगा सापडला. एक डावा उलटा केला की उजवा होतो. आतली बाजू बाहेर येते, इतकंच. तिच्यावर कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली आहे. नखं लावली, सुरी लावली, दात लावले. हिरडीतून रक्त आलं, चिठ्ठी नाही आली. वर लिहिलंय, ‘आगीपासून दूर ठेवा.’ नेमकी छातीवर. असू दे. रेट्रो दिसतं.

१५ मार्च
हिच्या भावाला ट्रायलला उभं केलं. अंगकाठी माझ्यासारखीच, अक्कल कमी. टाचण्या लावत होतो तर म्हणाला, भावोजी, टोचतंय. म्हटलं, हलू नकोस. हलला. वर हसत म्हणाला, सोफा अंगावर बसल्यासारखं वाटतंय. मी त्याची मानगूट धरली ती फिटिंगसाठी. भिंतीवर नेऊन दाबला, कारण तिथे उजेड बरा होता. चष्मा फुटला. तसाही तो त्याला शोभत नव्हता.

ही दिवसभर एक शब्द बोलली नाही. घर किती शांत झालंय. शिवणकामाचा गुण.

२० मार्च
मशीन गेलं. म्हणजे टेबलावरून खाली. उरलेलं हाताने शिवलं. शिवणी बसेनात म्हणून हातोडीने ठोकल्या. खालच्या शेजाऱ्याने छताला काठी मारली, मी फरशीवर हातोडी मारून उत्तर दिलं. शेजारधर्म जपावा माणसाने. जाकीट तयार. बोटांचं रक्त फुलांत खपून गेलंय.

२२ मार्च
लेक आली. तुटकं मशीन हिने चादरीखाली झाकलं होतं. मी जाकीट घालून समोर उभा राहिलो. तिने छातीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि हसली. पोट धरून हसली. कितीतरी वर्षांनी. जवळ आली, वरचं बटण हातात घेतलं, म्हणाली, बाबा, खरंच तुम्ही शिवलंत? फार बरं वाटलं. म्हटलं, खांद्याची शिवण तर बघ. आणि ती दाखवायला हात वर केला.

ती झटकन मागे सरली. दुसरा हात तोंडापुढे आडवा धरून.

हिने तोंड फिरवलं. बटण तुटून लेकीच्या मुठीत राहिलं होतं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, बाबा, हॉलमधून डबा पाठवीन तुम्हाला.

दोरा कच्चा होता.

२९ मार्च
ही आणि मेहुणा सकाळीच हॉलवर गेले. डबा आला. मी जाकीट घालूनच बसलोय. बटण लावलं. काखाही आवळून शिवल्या, आत शर्टासकट. आता हात वर जातच नाही. हे तिला कळायला हवं, म्हणून फोन उचलला.

कानापर्यंत पोचत नाही.