बिस्किटाच्या डब्यातली चार पुस्तकं

८ जानेवारी, सोमवार

परत चावलं! चंद्राच्या पुस्तकाचा चौथा कोपराही आज गेला. तीन आधीच पोटात गेले होते. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापलंय – बाळाच्या दातांना पुरून उरणारं पुस्तक. कुणाच्या बाळाच्या? बत्तीस वर्षं मी इथे घानात, कुमासीच्या छापखान्यात पुस्तकबांधणी केली. शाळांची हजेरीपुस्तकं बांधली, चर्चच्या नोंदवह्या बांधल्या, त्या उंदरांनीसुद्धा हार मानून सोडून दिल्या. आणि हा पुठ्ठा बावीस महिन्यांच्या पोरीने आठवड्यात संपवला. थरांच्या मध्ये खळ लावलीय की थुंकी, कोण जाणे.

ही पोर म्हणजे माझी नात. नाव फ्रेमा, माझ्या आईचं. त्यामुळे तिला नावाने हाक मारायची सोय नाही, घरात सगळे तिला ‘आई’च म्हणतात. आदोमा, माझी मुलगी, अक्राला नर्सचा पुढचा कोर्स करतेय. माझी बायको अफ्रियी सकाळी कापडाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाजारात जाते. घरात दिवसभर आम्ही दोघंच – मी आणि आई.

आई अजून बोलत नाही. एक शब्द नाही! पण पुस्तकं आणते. बिस्किटाच्या डब्यात चार आहेत, त्यातलं एक उचलून माझ्या गुडघ्यावर आपटते, म्हणजे वाच. मी तिला डाव्या मांडीवर घेतो, डावा हात तिच्या पाठीमागून, आणि उजव्या हातात पुस्तक. रीतसर. मग ती चित्राला बोट लावते.

तेही डाव्या हाताचं! पुस्तकातल्या चंद्राला कुणी डावं बोट दाखवतं का? मी दोन बोटांनी तिच्या हातावर टिचकी मारली, ‘डावा!’ म्हटलं. माझ्या आईने मला हे असंच शिकवलं होतं, चुलीपाशी, लाकडी पळीने. मी मेलो नाही.

९ जानेवारी

सकाळी लापशीचा चमचा – उजव्या हातात. भज्याचा तुकडा – उजव्या हातात. पुस्तक उघडलं – डावा! म्हणजे डावखुरी नाही. मुद्दाम करते.

११ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या कोनादूबाईंकडे पँट कमरेत सैल करायला दिली होती, ती आज आणली. शिवणकामात उजवा हात अडकलेला, टाचण्या धरलेल्या, म्हणून पँट त्यांनी डाव्या हाताने पुढे केली. पण केली कशी? आधी मान खाली घातली, म्हणाल्या, ‘डाव्याची माफी, मास्तर.’ मग पँट दिली. याला म्हणतात वळण! एवढं म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही. आजकालच्या पोरांना डाव्याने पैसे फेकायचे माहीत, माफी माहीत नाही.

पण बाईंची जीभ काही कमी नाही. निघता निघता म्हणाल्या, ‘मास्तर, कंबर दोन इंच वाढलीय. नातीला मांडीवर बसायला जागा राहते का?’ मी पँट काखेत मारून निघालो. माणसाने निवृत्त झाल्यावर जाड व्हायचं नाही तर कधी?

१४ जानेवारी, रविवार

आदोमाचा फोन. मी हॅलो म्हणायच्या आत – ‘बोलली का?’ नाही बोलली. मग भाषण. या वयात वीस शब्द तरी हवेत म्हणे, त्यांच्या वर्गात शिकवलंय. वाचता का रोज? वाचतो! कसं वाचता? कसं म्हणजे? डोळ्यांनी! आजीला म्हणावं, वाचतानाचा फोटो काढून पाठव.

आणि मग खरं ते बाहेर आलं. फेब्रुवारीच्या चार तारखेला ती येतेय. तोवर काही फरक पडला नाही तर आईला अक्राला घेऊन जाणार. तिथे पाळणाघर बघून ठेवलंय, शिकलेल्या बायका आहेत, मुलांशी खेळून बोलायला लावतात. ‘बाबा, तुमचा काही दोष नाही,’ म्हणाली. दोष नाही असं सांगायला लागतं याचा अर्थ काय होतो, मला कळत नाही काय?

सहा महिन्यांची असल्यापासून मी सांभाळतोय तिला. ताप आला की कुठल्या कुशीवर झोपते, ते मला माहीत आहे. पाळणाघरातल्या शिकलेल्या बाईला माहीत आहे?

अफ्रियीने फोटो काढला. मी जरा ताठ बसलो.

१५ जानेवारी, सोमवार

आजपासून कंबर कसली. वीस दिवस आहेत. चारही पुस्तकं रोज दोनदा.

पण पुस्तकं तरी काय निवडलीयत आदोमाने! एकात हात लावून बघायची मेंढी आहे, अंगावर ढगासारखी खरी लोकर चिकटवलेली. आमच्या गल्लीत मेंढ्या फिरतात, त्यांना साधे केस असतात. आईने लोकरीला हात लावला आणि किंचाळली. बरोबर आहे तिचं! दुसरं फळांचं. दहा पानं, दहा फळं, त्यातली चार मी जन्मात खाल्लेली नाहीत. केळं एकच, ते पण पिवळंधमक, भाजायचं केळं कुठेच नाही. यातून पोर काय बोलणार? तिसरं चंद्राचं, त्याला आता कोपरे नाहीत.

एकच पुस्तक मला मान्य आहे – शेळीचं. शेळी दोरीवरचे कपडे खाते. पहिल्या पानावर मोजा, दुसऱ्यावर टॉवेल, शेवटी मालकाची चड्डी. पाठ मजबूत, कोपरे गोल कापलेले, पान उलटताना टक् असा आवाज येतो. बांधणाऱ्याला काम माहीत होतं. आईलाही तेच लाडकं. चड्डी आली की पोट धरून हसते. शब्द नाही, पण हसू आहे.

आणि तरी डावा हात! मोज्याला डावा, टॉवेलला डावा. सहा वेळा टिचकी मारली, सहा वेळा ‘डावा!’ म्हटलं. सहावी जरा जोरात लागली. आईने माझ्याकडे बघितलं, रडली नाही. हात फ्रॉकच्या खिशात घातला.

उद्या अक्राला गेली आणि एखाद्या मोठ्या माणसाला डावा हात दाखवला, तर लोक कुणाला नावं ठेवतील? मलाच ना!

१६ जानेवारी

आज पुस्तक आणलं नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस! डब्याकडे बघते आणि दुसरीकडे जाते. मी स्वतः शेळी काढून ‘चल, चड्डी बघू’ म्हटलं, तर दाराआड जाऊन उभी राहिली. बोट दाखवणंसुद्धा बंद. पाणी हवं असलं तर मडक्याजवळ जाऊन नुसती उभी राहते.

उत्तरेचं वारं सुटलंय, सगळीकडे धूळ, ओठ फुटलेत तिचे. त्याचा परिणाम असेल. किंवा दाढा येत असतील. अफ्रियीला हे सांगितलं तर ती कांदा चिरायची थांबली. म्हणाली, ‘आदोमाचे बाबा, तुम्ही तिला मारलंत. ती तुमच्यावर रुसलीय. दाढा कसल्या?’

मारलं! दोन बोटांच्या टिचकीला मारणं म्हणतात आता. हिच्या स्वतःच्या भावांना बापाने पट्ट्याने फोडलं होतं, तेव्हा ही शेजारी उभी राहून मोजत होती. तिने ते स्वतः सांगितलंय मला. ते वळण, आणि मी केलं की मारणं! मी जेवलो नाही. म्हणजे फुफूचा गोळा खाल्ला, रस्सा परत घेतला नाही.

२१ जानेवारी, रविवार

फोटो पाठवायला अफ्रियीला आठवडा लागला, रिचार्ज संपला होता म्हणे. आज आदोमाने पाहिला आणि लगेच फोन केला. मला वाटलं पोर केवढी वाढलीय असं म्हणेल. तर म्हणाली, ‘बाबा, हिचा उजवा हात कुठे आहे?’

‘जागेवर आहे,’ मी म्हटलं. ‘कुठे असणार?’

‘फोटोत दिसत नाही.’

मग फोटोत नीट आला नसेल! तुझ्या आईला फोटो काढता येत नाही, कायम डोकी कापते! ‘तुला शिकायला पाठवलं ते बापाच्या चुका काढायला का?’ असं म्हणून फोन अफ्रियीकडे दिला. मुलीशी असं बोलायला नको होतं. पण तिनेही रविवारी सकाळी बापाला हात मोजायला लावायला नको होतं.

२२ जानेवारी, सोमवार

आई झोपली होती. मी कपाटाच्या आरशासमोर खुर्ची ओढली. उशीला तिचा निळा फ्रॉक घातला, लांब बाह्यांचा. उशी डाव्या मांडीवर, माझा डावा हात मागून, उजव्या हातात शेळीचं पुस्तक. जसा रोज बसतो तसाच.

उजवी बाही दिसेना.

ती माझ्या पोटात रुतली होती. मी उशी हलवून बघितली, पुढे घेतली, मागे घेतली. डावी बाही प्रत्येक वेळी मोकळी, उजवी प्रत्येक वेळी माझ्या आणि तिच्या मध्ये चेपलेली. ती दुसरा हात वापरणार कशी? माझं पोट, माझी मांडी, माझा उजव्या हाताने धरण्याचा हट्ट. मुद्दाम म्हणे!

बत्तीस वर्षं मी कारागिरांना सांगत आलो, आधी पुस्तक हातात कसं धरलं जातं ते बघा, मग बांधा. आणि मला हे दिसलं नाही. पोरीने जो एक हात मोकळा होता तो चंद्राला लावला आणि मी तिला सहा-सहा टिचक्या मारल्या. मला माझी लाज वाटते. ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाला तरी शिव्या देत बसेन.

उशी फ्रॉकसकट तशीच मांडीवर होती. अफ्रियी बाजारातून आली, दारात उभी राहिली. फ्रॉक काढून घेतला आणि घडी घातली.

२३ जानेवारी

पुस्तक टेबलावर ठेवून वाचता येईल का ते बघितलं. येत नाही. पुठ्ठ्याचं पुस्तक उघडं राहत नाही, टप्कन मिटतं. धरायलाच लागतं. म्हणजे उजव्या मांडीवर घ्यायला हवी. मग माझा उजवा हात तिच्या पाठीमागे जाणार आणि पुस्तक धरायला उरणार –

बघू. आधी यायला तर हवी.

२८ जानेवारी, रविवार

आदोमाला सांगितलं. उशी, फ्रॉक, आरसा, सगळं. वाटलं होतं हसेल. हसली नाही, म्हणाली, ‘बाबा, तरी मी येतेच चार तारखेला.’ बघू नाही, विचार करू नाही. तिकीट काढलंय. तिचं खरं असेल. पण मला राग येतोय, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. माणसाला त्याची चूक कळली तर बक्षीस म्हणून निदान एक महिना तरी मिळावा!

३१ जानेवारी, बुधवार

चंद्राचे चारही कोपरे नवे बसवले. जुना करडा पुठ्ठा तासून, खळ स्वतः शिजवून, वरून कापडी पट्टी. आता चाव म्हणावं. आई लांबून बघत होती. खळीच्या भांड्यापर्यंत आली, वास घेतला, गेली. मी हाक मारली नाही. हाक मारायची नाही असं ठरवलंय. डबा उघडा ठेवतो आणि खुर्चीत बसतो.

कोनादूबाई कुंपणावरून विचारत होत्या, मास्तर आज वाचत नाहीत का. म्हटलं, ग्राहक नाही.

२ फेब्रुवारी

परवा आदोमा येणार. अफ्रियीने आईचे कपडे धुऊन वाळत घातले, एकूण एक. छोटी बॅगही काढली. मी विचारलं, एवढी घाई कसली? ती म्हणाली, धूळ आहे, वाळायला वेळ लागतो. उन्हात पाच मिनिटांत कपडे वाळतायत. माझ्याशी खोटं बोलायची काही गरज नव्हती!

३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गुडघ्यावर काहीतरी आपटलं. शेळी! मी आईला उजव्या मांडीवर घेतलं, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं – डाव्या हाताने पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं. उजवा हात वर केला, दोन बोटं जुळवली, आणि मला टिचकी मारली.

‘डावा,’ म्हणाली. स्वच्छ. पहिला शब्द.

मी मान खाली घातली. ‘डाव्याची माफी, आई,’ म्हणालो.

तिने पान उलटलं. कुठल्या हाताने ते मी बघितलं नाही.