पूर्वाचा घोटा

१४ जून
धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले. संध्याकाळी मंगलानं पूर्वाला ओट्यावर पाठमोरं उभं केलं. मला म्हणाली, "डावी टाच बाहेर जाऊन राहिली आपल्या पोरीची. दिसते का तुम्हाले?"
दिसली. तरी म्हटलं, चपलीमुळं असंन.


१५ जून
मागच्या वर्षी पूर्वाच्या दंडाच्या हाडात गाठ निघाली. गाठ काढून त्या जागी डाव्या पायाचं बारकं हाड बसवलं. लहान मुलांत पायाचं हाड पुन्हा येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. हात छान झाला. हापशी मारते. घरात सगळे हाताकडंच पाहत राहिलो. पाय मात्र...

१९ जून
करडीहून सकाळच्या बसनं भंडारा. एक्स-रे. नवीन हाड आलं आहे, खडूची रेघ ओढावी तसं. मी खूश. डॉक्टरांनी पेन खाली नेला. "वरच्या भागात भरलंय. खाली, घोट्याजवळ, अजून जुळलं नाही. बाहेरचा आधार कमी, म्हणून घोटा कलतोय."
एक तर थांबून पाहायचं. नाहीतर घोट्याच्या आतल्या बाजूला स्क्रू टाकून तिकडची वाढ रोखायची; बाहेरची बाजू वाढली की घोटा सरळ येईल. वाढीचं वय आहे तोवरच जमतं म्हणे. ठरवून सांगा म्हणाले.
परतताना पूर्वा म्हणाली, "हातासाठी पाय कापला. आता पायासाठी काय कापतील?"
 

२० जून
आई म्हणाली, "चालते ना पोरगी? मंग काहून चिरता?"
मंगला चुलीपासून उठली नाही. "उद्या चालता नाही आलं, तं तुम्ही उचलान का तिले?"
आईशी ती असं कधी बोलली नव्हती. आई ताटावरून उठली. मी मधे बोलायला हवं होतं. कोणाच्या बाजूनं, ते कळेना.

२ जुलै
रोपांची रोवणी सुरू. पूर्वा धानाच्या बांधीत उतरली अन् चिखलात पाय मुरगळला. काठाच्या धुऱ्यावर बसवली. दुखते का? नाही म्हणाली. हात लावला तर पाय ओढून घेतला, मग रडायला लागली.
"रोजच दुखते, बाबा. सांगतलं असतं तं पुन्हा दवाखान्यात नेलं असतं."
पाठीवर घेऊन घरी आणली. दोन्ही हातांनी गळा घट्ट धरला होता. दंड चांगलाच बळकट झाला आहे. आनंद मानावा की काय...

८ जुलै
भंडारा. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. मंगला म्हणते, आज हो म्हणून मोकळे होऊ. माझ्यानं होत नाही. पुन्हा त्याच पायाला...
पूर्वा म्हणते, "तुम्ही दोघं भांडू नका. मीच विचारीन."
काय विचारशील?
"स्क्रू मंग काढतात का. अन् काढल्यावर पाय पुन्हा वाकते का."
हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.
पूर्वाचं नाव पुकारून राहिले. ती उठलीसुद्धा.