बेसिनला हात न लावता

३ मार्च, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. किडन्या गेल्या म्हणून शिस्त जाता कामा नये.

हॉस्पिटलच्या घरगुती डायलिसिसच्या योजनेत माझी निवड झाली. पोटातल्या नळीतून दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तासांनी ते पाणी बाहेर काढून नवीन सोडायचं, दिवसातून चार वेळा. सकाळची पिशवी टॅबवर सिस्टरच्या देखत. सेंटरला आठवड्यातून तीनदा चार-चार तास पडून राहणं संपलं. म्हणजे नोकरी वाचली. बावीस वर्षं वजनकाट्यावर आहे, भरलेले ट्रक तोलतो. मालकाने माझ्या जागी दुसरा माणूस बघूनही ठेवला होता.

डॉक्टर म्हणाले, चहा-पाणी मिळून दिवसाला एक लिटर, मीठ नावापुरतं, वजन एकसष्ट किलो. नाही जमलं तर परत सेंटर. मी म्हटलं, साहेब, वजन हा तर माझा धंदा.

टॅब हॉस्पिटलचा आहे. देवाच्या फळीवर ठेवला. नेट घरात तेवढ्याच एका जागी येतं. सिस्टरने कॉलवरून अर्धा तास बटणं समजावली. मी मान डोलावत होतो. मला यंत्रांचं मुळातच कळतं.

४ मार्च
पहिली पिशवी. हात धुतले, मास्क लावला, पंखा बंद. सिस्टर खूश. नवीन पाणी पोटात उतरायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ प्रार्थनेला अगदी बरोबर. सिस्टरला नमस्कार केला, टॅब पालथा घातला. कॉल बंद.

मी प्रार्थना मोठ्याने करतो. वडिलांची शिकवण. ते म्हणायचे, मनातल्या मनात बोललेलं देवाला ऐकू येतं, पण आपल्याला येत नाही. दिवसभरात काय चुकलं ते देवापुढे खणखणीत सांगायचं, मग मन हलकं होतं.

६ मार्च
मन हलकं आहे, शरीर नाही. बासष्ट किलो शंभर. काल कामावर केबिनमध्ये खारे दाणे झाले. फक्त मूठभर. मूठ माझी मोठी आहे, त्याला मी काय करणार.

वजनकाटा बाथरूमच्या दारात, बेसिनशेजारी आहे. तळवा बेसिनवर सहज टेकला तर बरोबर एकसष्ट येतात. तेच सिस्टरला सांगितलं. हे खोटं नव्हे. तोल जाऊ नये म्हणून आधार घेतला, इतकंच. ड्रायव्हर लोक ट्रकचं एक चाक काट्याच्या पट्टीबाहेर ठेवतात आणि साळसूद चेहरा करतात, ती गोष्ट वेगळी.

देवाला दाण्यांचं आणि बेसिनचं दोन्ही सांगितलं. त्याच्यापाशी लपवाछपवी नाही.

७ मार्च
सिस्टरने नमस्काराच्या आधीच विचारलं, काका, खारे दाणे बंद केलेत ना? मी नुसताच खोकलो. मग म्हणाली, आज पिवळी पिशवी नको, हिरवी लावा, ती जास्त पाणी ओढते. आणि वजन करताना कशाला हात लावू नका हं.

घरात फितुरी आहे.

८ मार्च
बायकोला आडून विचारलं, तू हल्ली कोणाशी बोलतेस? ती म्हणाली, तुमच्याशी बोलायचा प्रयत्न करते, लागत नाही. हे उत्तर नव्हे. नजर ठेवणार.

निश्चय: आजपासून पाणी मोजूनच.

९ मार्च
मोजलं. दीड लिटर झालं. ग्लास मोठे आहेत. लहान ग्लास आणायला हवेत.

सिस्टर आज हसत म्हणाली, काका, मला सगळं ऐकू येतं हं. म्हटलं, छान, म्हणजे नेट उत्तम आहे. ती काहीतरी पुढे सांगत होती, पण पाणी पोटात उतरायला लागलं होतं. टॅब पालथा घातला.

११ मार्च
बायकोची परीक्षा घेतली. काल कामावर सोड्याच्या दोन थंडगार बाटल्या प्यायलो. घरी चकार शब्द नाही. आज सकाळी फक्त देवाला सांगितलं. बायको त्या वेळी अंगणात कपडे वाळत घालत होती.

१२ मार्च
सिस्टर: काका, सोडा अजिबात नको. परत हिरवी पिशवी.

म्हणजे बायको नव्हे. मेहुणा. तो कधीमधी काट्यावर चक्कर मारतो. लग्नात याच माणसाने माझ्या चपला शोधून दिल्या होत्या, तेव्हापासून मी त्याच्यावर विश्वास टाकला. बायकोला म्हटलं, तुझा भाऊ हेर आहे. ती म्हणाली, अहो, त्याला स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना सापडत नाही, तो कसली हेरगिरी करतोय.

१३ मार्च
आज अद्भुत घडलं. प्रार्थनेत डोळे मिटलेले असताना फळीच्या दिशेने बारीक आवाज आला. काका. अहो काका. अंगावर शहारा आला. माझी श्रद्धा फळाला येते आहे असं दिसतं. देवाने मला काका म्हणावं हे जरा विचित्र वाटलं, पण तो सगळ्यांना ज्याच्या-त्याच्या बोलीत हाक मारत असावा. आवाज चढवून प्रार्थना पुरी केली.

बायकोला सांगितलं. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

१५ मार्च
अखेरचा प्रयोग. काल केबिनचं दार आतून लावून अर्धं टरबूज खाल्लं. खिडकीवर वर्तमानपत्र. साल पिशवीत बांधून दूर टाकलं. बिया गिळल्या, पुरावा नको म्हणून. माणसांपैकी कोणालाही माहीत असणं शक्य नाही. आज देवाला सविस्तर सांगितलं, बियांसकट.

१६ मार्च
सिस्टर म्हणाली, काका, टरबुजात पाणीच पाणी असतं, आणि बिया तरी कशाला गिळायच्या?

कामावर एक ट्रक दोनदा तोलला. माणसं संपली. बायको नाही, मेहुणा नाही. बियांचं मी एकालाच सांगितलं होतं.

पन्नास वर्षांचं नातं. शाळेच्या वाटेवर ओढा ओलांडताना हात जोडले ते याच्यापुढे. किडन्या गेल्या तेव्हाही याला एका शब्दाने बोललो नाही. आणि याने माझी चुगली करावी? तीही सिस्टरपाशी?

आज प्रार्थना नाही. फळीकडे पाठ करून पिशवी पोटात सोडली. आता त्यालाही कळू दे.

१७ मार्च
सिद्ध झालं. प्रार्थना नाही, तर सिस्टरला काहीच माहीत नाही! परवाचे चार चहा गुलदस्त्यात. ती उगीचच थांबून राहिल्यासारखी वाटली. म्हणाली, काका, आज काही बोलत नाही? म्हटलं, सगळं उत्तम. वजन एकसष्ट (दोन्ही तळवे). ती म्हणाली, बरं मग, पिवळी लावा. पाय दाखवा म्हणाली. म्हटलं, फळी उंच आहे, पाय खाली आहेत.

१८ मार्च
वजन एकसष्ट. बेसिनचा एक स्क्रू ढिला झाला आहे.
चपलेचा पट्टा बसत नाही. चपला आटल्या असाव्यात.
एकटं वाटतं. इतकी वर्षं सकाळी कोणाशी तरी बोलायची सवय.

१९ मार्च
आडवं झालं की धाप लागते. तीन उशा घेतल्या. बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता सिस्टरला सांगते. मी शपथ घातली. म्हटलं, या घरात निदान एक तरी माणूस माझ्या बाजूचं असू दे. तिने उशी नीट केली.

वजन एकसष्ट. बेसिन भिंतीतून सुटलं.

२१ मार्च, हॉस्पिटल
बायकोने फोन केला. शपथ मोडून, माझ्यासमोर, स्पीकरवर. जिच्यावर आधी उगाच संशय घेतला, तिने अखेर तो खरा करून दाखवला. अँब्युलन्समध्ये तिला तसं म्हटलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे तिला ते ऐकू गेलं नाही. किंवा गेलं. तिने माझा हात धरून ठेवला होता.

फुप्फुसात पाणी.

२२ मार्च
सिस्टर भेटायला आली. टॅबवर उंच वाटायची, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागेल. खुर्ची ओढून बसली आणि शांतपणे सांगितलं. टॅब पालथा घातला की कॉल बंद होत नाही. लाल बटण दाबावं लागतं, ते तिने पहिल्याच दिवशी तीनदा दाखवलं होतं. पिशवी पूर्ण आत जाईपर्यंत तिने तिच्या बाजूने कॉल सोडायचा नाही, असा नियम. तिने सांगून पाहिलं, हाका मारून पाहिल्या. मी आवाज चढवायचो.

आणि मग म्हणाली, काका, वजन तुम्ही रोज खोटं सांगायचात, ते मला कळत होतं. पण प्रार्थनेत खरं बोलायचात. ते डॉक्टरांना कळवून मी पिशवी ठरवायचे. प्रार्थना थांबली आणि माझ्याकडे नुसतं एकसष्ट उरलं. चूक माझीही झाली, मी त्याच दिवशी घरी माणूस पाठवायला हवा होता.

तिचे डोळे भरले होते. मी छताकडे पाहत राहिलो. छताच्याही वर ज्याला दोष दिला होता, त्याची माफी कशी मागायची ते सुचेना.

२४ मार्च
घरगुती योजनेतून नाव काढलं. आठवड्यातून तीनदा सेंटर. मालकाचा निरोप आला, तब्येत सांभाळा. काट्यावर दुसरा माणूस बसला आहे.

सुरू करण्याआधी वजन. इथला काटा खोलीच्या मधोमध आहे, भिंत चारी बाजूंनी लांब. टेक्निशियन म्हणाला, काका, पूर्ण आत या, कशालाही धरू नका. बावीस वर्षं हेच मी केबिनमधून ओरडत आलो. सहासष्ट किलो दोनशे. बायको मागे उभी होती. म्हणाली, बघा, हात न लावता आलं की नाही.

तिला हळूच म्हटलं, घरून टॅब घेऊन ये, उशाशी ठेवतो. प्रार्थना पुन्हा सुरू करावी म्हणतो. ती म्हणाली, तो कालच परत नेला, दुसऱ्या पेशंटला दिला.

त्या बिचाऱ्याला कोणीतरी लाल बटण नीट दाखवायला हवं.

किंवा नकोच.