ऐंशी-डी आणि आईचा गुडघा

१ जानेवारी
यंदा संकल्प एकच. गुढीपाडव्याला राजीनामा.
शेंद्र्याच्या कारखान्यात नट-बोल्ट मोजण्यात माझी बुद्धी गंजत चाललीय. मुकुंदवाडी स्टेशनजवळ एक गाळा हेरून ठेवलाय. तिथं ‘आरोग्य-कर सल्ला केंद्र’. लोकांना हेल्थ इन्शुरन्स आणि इन्कम टॅक्सची सांगड घालता येत नाही. मला येते. बोर्ड रंगवायला टाकलासुद्धा. पेंटरला बजावलं, पत्रा नको, जाड प्लायवूड घे. धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालायचाय.
सोनियाला सांगितलं नाही. बायकोला काम झाल्यावर सांगावं, म्हणजे तिला काळजी लागत नाही.

५ जानेवारी
कंपनीचं सर्क्युलर आलं. आजवर सगळे ग्रुप पॉलिसीत होतो, आई-वडिलांसकट. आता ज्याला हवं त्यानं ग्रुपमधून बाहेर पडून स्वतःची पॉलिसी काढावी, प्रीमियम कंपनी पगाराबरोबर परत देईल. परत ग्रुपमध्ये यायचं तर थेट एप्रिलमध्ये.
मी तासाभरात बाहेर पडलो आणि आईसकट नवी पॉलिसी काढली. प्रीमियम कंपनीकडून परत, वर त्याच प्रीमियमवर ऐंशी-डी कलमाची टॅक्स सूट. दोन्ही हातांत लाडू. आणि पॉलिसी स्वतःच्या नावावर, म्हणजे राजीनाम्यानंतरही चालू.
सर्क्युलर सहा पानी होतं. मी पहिलं पान वाचलं. हुशार माणसाला तेवढं पुरतं.

६ जानेवारी, सकाळी
सोनियानं विचारलं, आईंच्या गुडघ्याचं काय? आई जिना आडवी होऊन उतरते, एकेका पायरीला कठडा धरून. ते बघवत नाही. पण दोन वर्षं मागं लागूनही ती ऑपरेशनला तयार नाही. पाचोडच्या गोजरबाईनं केलं तर तिला मांडी घालता येईना, हे तिचं कारण. सोनियाला म्हटलं, जे होणारच नाही त्याचा विमा कशाला?
तिनं भाजीत जास्त मीठ टाकलं. चुकून असेल.

२० जानेवारी
टॅक्सचे पुरावे द्यायचा दिवस. प्रीमियमची पावती ऐंशी-डीखाली जोडली. पेरोलच्या गयासभाईनं परत पाठवली. म्हणाला, नानासाहेब, जो पैसा कंपनी तुमाला परत देणार, तो तुमच्या खिशातून गेलाच नाय. मग सरकार त्याची सूट कायकू देईल?
माणूस सज्जन आहे, पण दृष्टी लहान.

२३ जानेवारी
तोड काढली. एचआरला लिहून दिलं, मला तुमची परतफेड नको. आता प्रीमियम माझा, सूटही माझी. सही करताना हात जरा जोरातच चालला. चौदा वर्षांत पहिल्यांदा कंपनीला काहीतरी नको म्हटलं.

२९ जानेवारी
गयासभाई पुन्हा टेबलाशी आला. पाणी प्यायला, मग बोलला. एप्रिलमध्ये तुमी टॅक्सच्या न्यू रेजीमवर टिक केलीय. तिथं ऐंशी-डीच नाय.
हे खरं आहे. अख्ख्या कँटीनला न्यू रेजीम घ्या म्हणून मीच सांगत फिरलो होतो.
गयासभाई म्हणाला, रिटर्न भरताना ओल्डमध्ये जाता येतं, करून बघा. मोबाईलवर हिशेब केला. ओल्डमध्ये सूट मिळते आणि टॅक्स त्याहून जास्त वाढतो. ते ॲप चुकीचं असावं. दुसरं घेतलं. तेही चुकीचं निघालं.

३० जानेवारी
एचआरकडे गेलो, परतफेड परत चालू करा म्हटलं. एकदा नाकारली की या वर्षी नाही, हे चौथ्या पानावर आहे म्हणे.
दोन्ही लाडू गेले. हरकत नाही. मोकळ्या हातांनीच माणूस नवीन काम सुरू करतो.

१० फेब्रुवारी
आई पाचोडला जाऊन आली. आठवडी बाजारात गोजरबाई भेटली, काठीशिवाय, डोक्यावर मेथीची पेंडी घेऊन. आई घरात शिरली आणि म्हणाली, मलाबी करून दे. लई दुखतंय रे, इतके दिस बोलले नाय.
मला भरून आलं. दोन वर्षं ती गप्प होती आणि मी तिला हट्टी समजत होतो.
लगेच पॉलिसीवाल्यांना फोन लावला. गुडघा जुना आजार आहे, तीन वर्षं थांबावं लागेल.
सोनियानं विचारलं, ग्रुपमध्ये किती थांबावं लागलं असतं? मी म्हटलं, आकडे बघावे लागतील.
एक दिवसही नाही.

१२ फेब्रुवारी
आजपासून आईच्या पुढं-पुढं जिना उतरतो. ती खांद्यावर हात ठेवते. कंपनीची बस दोनदा चुकली. चिडायचं कुणावर ते कळत नाही, म्हणून पेंटरवर चिडलो.

५ मार्च
गयासभाईला चहाला नेलं. आपण होऊन. तो म्हणाला, एक एप्रिलला ग्रुपमध्ये परत या, अम्मा पहिल्या दिवसापासून कव्हर. फक्त तुमी कंपनीच्या रोलवर पायजेत. नोकरी गेली की कव्हर गेलं. मग बशीतला चहा फुंकत विचारलं, सोडायचा इरादा तर नाय ना?
मी म्हटलं, छे.
चहाचे पैसे त्यानंच दिले.

१९ मार्च, गुढीपाडवा
राजीनाम्याचा दिवस. गुढी उभारली. राजीनामा तूर्त लांबवला. रद्द नाही, लांबवला.
दुपारी पेंटर बोर्ड घेऊन थेट घरी आला. सोनियानं दार उघडलं, अक्षर न्‌ अक्षर वाचलं, आणि विचारलं, केंद्र कुठंय?
गाळ्यात तोवर ब्युटी पार्लर आलंय. बोर्ड कपाटामागं ठेवला.

१ एप्रिल
ग्रुपमध्ये परत आलो. या वेळी सहाही पानं वाचली. माझ्या सल्ला केंद्राचं पहिलं गिऱ्हाईक मीच असायला हवं होतं.

२८ एप्रिल
आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बिल कंपनीच्या ग्रुपमधून गेलं. डॉक्टर म्हणाले, डावाही करावा लागेल, पुढच्या वर्षी. मी मान हलवली. म्हणजे तोवर नट-बोल्ट.

६ मे
आई वॉकरवर चालते. उंबरा आडवा येत होता, म्हणून सोनियानं कपाटामागचा बोर्ड काढून उंबऱ्यावर उतरता टाकला. मी म्हटलं, निदान अक्षरं खाली कर. ती म्हणाली, अक्षरांवर पाय घसरत नाही.
आईनं आधी ‘आरोग्य’वर वॉकर टेकवला, मग ‘कर’वर, आणि हळूच बाहेर आली. सरळ. आडवी न होता. माझे डोळे भरले, ते मी लपवले नाहीत.
कंपनीची बस आली होती. मीही त्याच बोर्डावरून बाहेर पडलो.
संध्याकाळी तो काढायला वाकलो, तर आई खाटेवरून म्हणाली, राहू दे रे तसाच. अजून एक गुडघा हाय.