दोन कप्प्या

ता. ४ मार्च

चि. खारूताईस मामाचे पुष्कळ आशीर्वाद.

शाळेत साधी यंत्रं शिकवली आणि तुला काडीचंही कळलं नाही, हे वाचून हसलो. अगं, तुझ्या क्रेनवाल्या मामाचं पोटच त्यांच्यावर चालतं! पाच मिनिटांचे दोन प्रयोग कर. पट्टीखाली पेन्सिल आडवी ठेव, एका टोकावर जाडं पुस्तक, दुसरं टोक बोटानं दाब. पेन्सिल पुस्तकाजवळ सरकवशील तसं पुस्तक हलकं लागेल. दुसऱ्यासाठी दोन कप्प्या पाठवतोय. सोबतच्या चित्रात दाखवल्यासारखी एक वर टांग, एक वजनाला बांध, दोरी ओव. हाताला वजन निम्मंच लागेल. बादलीवर करून बघ.

आईची पाठ कशी आहे? जिन्यावरून पडल्यापासून तिचं अक्षर दिसलं नाही. तिची थट्टा केल्याशिवाय मला करमत नाही, सांग तिला.

लोभ आहेच, पत्रं तेवढी येऊ देत.
तुझा मामा

ता. ११ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

भरलेली बादली एका हातानं वर! पाणी सांडलं म्हणून बाबांनी घर डोक्यावर घेतलं, ते सोड.

आईच्या पाठीला अंथरुणात पडून पडून जखमा झाल्यात. डॉक्टर म्हणतात, दर दोन तासांनी उचलून पाठ मोकळी ठेवा. बाबा दिवसभर गिरणीत. मी एकटी उचलायला गेले की तिला फार दुखतं. काल तिनं उशी दातांत धरली होती.

म्हणून मी युक्ती केलीय. पलंगाच्या वर छताला दिवा टांगायचा हूक आहे. आईखाली चादरीची झोळी, वर तुझ्या कप्प्या. ती चोपन्न किलो, निम्मे सत्तावीस. मी एकतीस, लोंबकळले की झालं! आई आधी म्हणाली, मी काय पोतं आहे का? मग म्हणाली, मामानं सांगितलंय म्हणजे बरोबरच असेल. येत्या मंगळवारी करणार. बाबांना नंतर दाखवून चकित करायचंय.

माझ्यावर माया आहेच, ती वाढव.
तुझी खारूताई

ता. १५ मार्च

चि. खारूताईस,

आशीर्वाद नंतर. आधी ती दोरी सोड. आईला टांगू नकोस!

निम्मं वजन हाताला, बाळा. हुकावर दीडपट येतं. दिव्याचा हूक एवढं पेलणार नाही. आम्ही सकाळी आधी हूक तपासतो, मग चहा पितो. इतकं अंगवळणी पडलंय की तुला लिहायचंच राहून गेलं. चूक माझी आहे. तुमच्या शेजारच्यांना चारदा फोन केला, कुणी उचलत नाही.

तुझा मामा

ता. २ एप्रिल

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी आलं, म्हणजे आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. बाबांच्या हाती पडू दिलं नाही, फाडून टाकलं. हूक निसटून लोखंडी कप्प्यांसकट आईच्या डोक्यावर कसा आला ते त्यांना माझ्याकडूनच कळलंय, तुझं नाव निघालं नाही.

तू दहा दिवस इथं होतास, पण माझ्याकडे बघत नव्हतास. मी रागावलेय असं वाटतं का तुला? नाही रे. पण रात्रंदिवस मनात येतं ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

आई खरंच वर आली होती, वीतभर. पाठ सुटली तशी तिनं हुश्श केलं. म्हणाली, अगं बाई, किती बरं वाटतंय. मग माझ्या हाताला वजनच लागेना. मामा, मला वाटलं, प्रयोग जमला.

माझ्याकडे बघत जा.
तुझी खारूताई