भिंतीआडची वायर

सातारा,
९ डिसेंबर १९७८

चि. लालासाहेब भावजींना राहीवहिनीचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. सांगलीतही आता थंडी पडली असेल, तेव्हा आत्याबाईंना पहाटे नदीवर जाऊ देऊ नका, गुडघे धरतात त्यांचे.

तुम्ही पुण्याहून पाठवलेला टीव्ही चालू झाला. कौलावर उंच खांब उभा केला, तरी चित्राला मुंग्या येतात. आवाज तेवढा चांगला येतो. गल्लीतल्या बायका बघायला जमायच्या.

तुमच्या सांगण्याप्रमाणे गुंडा सुताराकडून भिंतीतलं फडताळ मोठं करून घेतलं आणि सेट आत बसवला. खांबावरून येणारी चपटी वायर आधी खोलीभर लोंबत होती. तुमचे दादा दिवसभर तिच्यावरून हात फिरवत बसायचे. एकदा ओढली, तर सेट अंगावरच यायचा. म्हणून गुंडानं भिंतीत खाच पाडली, वायर तिच्यातून फळीमागं नेली आणि वरून गिलावा केला.

त्या दिवशी दादा किती शहाण्यासारखे वागले म्हणून सांगू. फौजेत टेलिफोनच्या तारा टाकल्या त्यांनी, हातांना ते अजून आठवतं. खुर्ची ओढून गुंडाजवळ बसले.

"ताणू नगं गड्या. कोपऱ्यात जरा सैल सोड, न्हाईतर तुटती."

गुंडानं तसंच केलं. मी चहा आणला, तर आधी त्याला दिला, मग स्वतः घेतला. मला वाटलं, माणूस परत आलं. तुम्हाला तसं पत्र टाकणार होते. टाकलं नाही ते बरं झालं.

गिलावा वाळला तसे ते वायर शोधायला लागले. लाइन कुठं गेली, म्हणून मला विचारायचे. भिंतीत आहे म्हणून किती वेळा सांगितलं, पटेना. एका दुपारी मी दळण घेऊन आले, तर भिंत उकरलेली आणि बोटं रक्तानं भरलेली.

"लाइन तुटलीया," म्हणाले. "बिराप्पा जोडाय गेलाय. त्यो पलीकडं हाय."

म्हसवडचा बिराप्पा, त्यांच्या जोडीचा. लढाईत तुटलेली तार जोडायला तो पुढं गेला, तो परतलाच नाही. हे इकडं फोन कानाला लावून बसलेले. त्याच दिवशी यांच्या डोक्यात तोफगोळ्याचा तो तुकडा शिरला. पुण्याचे डॉक्टर मागंच म्हणाले होते, तुकडा काढता येणार नाही, आणि आता जी आठवण जाईल ती परत यायची नाही. हे तुम्हाला कळवायला माझा हात धजला नव्हता.

गुंडानं भिंत पुन्हा लिंपली आणि वरून वायरचा एक तुकडा दोन खिळ्यांना बांधून दिला. तो कुठंच जात नाही. दादा तो धरून बसतात. टीव्ही आम्ही आता लावत नाही, आतली माणसं बोलायला लागली की हे बिराप्पाचा आवाज शोधतात. फडताळ बंदच असतं.

काल मला जवळ बोलावलं.

"बाई, तुमचं माणूस फौजेत हाय काय?"

मी म्हटलं, "व्हय."

"यील. वाट बघा."

मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. दुसरं काय करणार.

संक्रांतीला आत्याबाईंना घेऊन येतो असं तुम्ही लिहिलंत. आणू नका. लेकाच्या तोंडून आईनं 'बाई' ऐकू नये. त्यांना सांगा, टीव्ही छान दिसतो, तुमचा लेक रोज बघतो. तुम्ही आलात तर एकटे या, आणि दारातून दादा म्हणून हाक मारू नका. ओ मिळणार नाही.

आशीर्वाद दोघांच्या नावानं लिहायची रीत आहे. या खेपेला माझ्या एकटीचाच घ्या.

तुमची वहिनी,
राही