राकूच्या डब्यातले कागद

रविवार, ता. ९, दुपार

चि. बारकीस ताईचा मनापासून आशीर्वाद.

इकडे मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण देवापुढे बसता-उठता येतं, एवढं पुरे. तुझ्याकडेही सगळं ठीक असेल असं धरून चालते. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील.

आधी हे गेले, मग आई. हल्ली मी कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजते, तेवढाच घरात माणसाचा आवाज.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी मला बळेच कुंभारकामाच्या वर्गात घातलंय. आम्ही पाचजण. काल मास्तरांनी जपानी राकू करून घेतलं. आपण वळलेली वाटी लालबुंद असतानाच लांब चिमट्याने भट्टीतून काढायची, पत्र्याच्या डब्यात कागद नाहीतर भुशावर ठेवायची आणि झाकण दाबायचं. आत धूर कोंडला की वाटीवर रंग उमटतात. एका दातांच्या डॉक्टरांनी चिमटा असा धरला, की शिक्षिकाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, भूल द्यायची राहिली." सगळे हसले. मीही हसले, आणि माझंच हसणं मला परकं वाटलं.

बाकीच्यांनी जाळायला भुसा विकत आणला होता. घरात रद्दी असताना मी कशाला आणू? तळापासून एक गठ्ठा उचलला नि गेले.

आता खरं ते लिहिते. त्या गठ्ठ्यात तुझी पत्रं होती. तिन्ही. न फोडलेली.

आई गेल्यावर तू म्हणालीस, "ताई, तू आईच्या आजारातही काटकसर केलीस." तेव्हापासून रोज देवापुढे तुझं नाव घेतलं, पण तुझं पाकीट उघडायला हात धजला नाही. आत तेच असलं तर? म्हणून ती रद्दीच्या तळाशी सारली होती.

वाटी डब्यात ठेवली, कागद पेटले, आणि तुझं अक्षर दिसलं. मास्तरांनी झाकण लावलं. मी ते ओढून काढलं. हवा लागली की भडका उडतो, असं त्यांनी दहादा बजावलं होतं. उडालाच. हाती एक कोपरा लागला, त्यावर नुसता माझा पत्ता.

भाजलेल्या बोटांना मलम लावताना डॉक्टरांनी विचारलं, "काही महत्त्वाचं होतं का?"

मी म्हटलं, "रद्दी होती."

बारके, तू म्हणालीस ते खरं होतं. रात्रीची नर्स ठेवायला पैसे होते. मी आहे ना, नर्स कशाला, असं म्हणून आठ दिवस घालवले. त्यातच एकदा माझा डोळा लागला आणि आई एकटी उठताना पडली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तू काय लिहिलं होतंस, ते आता तूच सांगितलंस तर कळेल. पुन्हा लिही. शिव्या असतील तर गाळू नकोस. या वेळी पाकीट दारातच उभ्या उभ्या फोडीन.

तुझीच, अजून तसं म्हणवून घेता येत असेल तर,
ताई